कळंबच्या खिरणीची पोरं

ब्लाउज शिवणाऱ्या मुनीराने मला कळंबला पाठवलं, असं सांगितलं की घरचे हसतात. पण खरं तेच आहे. जंगलातली झाडं मोजण्याची नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि आता मोजायला काही उरलं नाही म्हणून चिपळूणला तिच्या दुकानात बसून गप्पा मारत असते. एकदा माप घेता घेता ती म्हणाली, "ताई, तुम्ही झाडांतल्या ना? मग माझ्या माहेरी जाऊन या. कबरस्तानातल्या खिरणीची पोरं जगत नाहीत. अब्बांनी त्यापायी खाणंपिणं सोडलंय."

तिचे अब्बा, हुसेनचाचा, हे तिथले मुजावर (कबरस्तानाची देखरेख करणारे). खिरणी म्हणजे चिक्कूची रानातली बहीण, लिंबोळीएवढ्या पिवळ्या गोड फळांची. त्या भागात आता ती एकच उरलेली. तिच्याखाली चार वर्षांपूर्वी मुनीराच्या अम्मीला, जैतूनला, माती दिली होती. झाड पोकळ झालेलं, मागच्या वादळात अर्धं मोडलेलं. ते जायच्या आत त्याच जागी त्याचं पोर उभं राहावं, जैतूनवरची सावली तुटू नये, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. माझ्यासारख्या बाईला घराबाहेर पडायला एवढं कारण पुष्कळ झालं.

कुंभार्ली घाटातलं हिरवं दाट रान मागे पडलं आणि साताऱ्यापुढे आभाळ मोठं होत गेलं. फलटण, मग बारामती. बारामतीच्या स्टँडवर चहा पिऊन कळंबकडे जाणाऱ्या एसटीत बसले. शेजारच्या बाईने माझ्या पिशवीतून डोकावणारी दोरी बघून विचारलं, "म्हैस घ्यायला चाललाय जनू?"

"झाडं मोजायला."

"सरकारी?"

"नाही हो, हौस."

तिने एकदा मला आणि एकदा दोरीला न्याहाळलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर ऊस, ऊस आणि ऊस. मधूनच पेरूची नाहीतर डाळिंबाची बाग, एखाद्या बांधावर बाभूळ, आणि पुन्हा ऊस. उन्हाने डोळे दिपत होते. कोकणातल्या माणसाला एवढ्या सपाट, एकाच रंगाच्या मुलखात नजर कुठे टेकवावी ते कळत नाही.

खाणंपिणं सोडल्याची मुनीराची भर होती, हे पोचताच कळलं. हुसेनचाचा ओट्यावर बसून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण (रश्शाची भाजी) चांगलं हाणत होते. सुनेने माझ्याही पुढे ताट ठेवलं. कालवण असं झणझणीत की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. चाचा गालात हसले. "कोकनात तिखट न्हाय का मिळत, ताई?"

जेवण होताच आम्ही कबरस्तानात गेलो. एकरभराची जागा, तीन बाजूंना ऊस. इथली काटकीही कुणी तोडून नेत नाही, तसा दंडक आहे. आत शिरले आणि जुनी सवय उसळून आली. कडुनिंब, चिंच, हिवर, बोर, चंदन, भोकर, आपटा... भिंतीच्या कडेने एक चक्कर होईपर्यंत अकरा जाती झाल्या. भिंतीपलीकडे नजर जाईल तिथवर एकच. मला एवढा आनंद झाला की मी तो मोठ्याने बोलून दाखवला. चाचांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. ते सरळ खिरणीकडे गेले.

तिच्या बुंध्याला चार माणसांची कव लागली असती. एका अंगाने नुसती साल, दुसऱ्या अंगाला हिरवी डहाळी. खाली जैतूनची कबर, साधी, मातीची. आणि कबरीभोवती बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात खिरणीची दोन-दोन, चार-चार पानांची रोपं, मोजता येणार नाहीत इतकी.

"ही औंदाची," चाचा म्हणाले. "शेनखत घालतो, रोज कळशी-कळशी पानी घालतो. शेळ्या येऊ नयेत म्हनून काटं लावलं. बाकीचं रानगवत, रोपटी, समदं उपटून टाकतो, हिच्या पोरांना जागा पायजे ना! तरी दुसरा पावसाळा काय बघत न्हाईत. जैतून हुती तवापासनं ह्येच चाललंय, धा वर्सं झाली."

मी गुडघ्यावर बसले. पानं उलटून बघितली. खालच्या बाजूला बारीक हिरव्या अळ्या. एक रोप हळूच ओढलं, तर मातीलगत देठ काळा पडून मऊ झालेला. मग पिशवीतली दोरी काढली. बुंध्यापासून दहा-दहा पावलांवर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीशी रोपं मोजत बाहेर सरकत गेले. चाचा दुसरं टोक धरून उभे. बुंध्याशी रोपंच रोपं, पण एकही गेल्या वर्षीचं नाही. जसजसं लांब जावं तसतशी रोपं कमी, पण जी होती ती जरा धड.

"चाचा," मी म्हटलं, "हिला खाणाऱ्या अळ्या, हिच्या मुळांवरची बुरशी, सगळे हिच्याच आश्रयाला राहतात. पोर खाली पडलं की ते लगेच त्याच्यावर. आईच्या जवळ राहणं हेच त्याच्या मुळावर येतं."

"आईपाशी?" चाचांचा विश्वास बसेना.

"आईपाशीच. कडुनिंबाचं रोप मात्र इथे मजेत वाढेल, कारण हिच्या अळ्यांना ते गोड लागत नाही. आणि हिचं वाढेल कडुनिंबाखाली. म्हणून तर उष्ण मुलखातल्या रानात एकाच जातीला सगळी जागा बळकावता येत नाही. तुमच्या या एकरात अकरा जाती आहेत त्या उगीच नाहीत."

"समद्या रानात असंच आस्तं व्हय?"

या प्रश्नाने मी खूश झाले. त्यांना हिमाचलातले देवदार सांगितले. तिथे डोंगरच्या डोंगर एकाच झाडाचे, आणि म्हाताऱ्या देवदारांच्या पायाशी त्यांचीच पोरं रांगेने उभी. तिथली थंडी किडींना आवरते, आणि मुळांना धरून राहणारी एक बुरशी उलट त्या पोरांना मदत करते, असं म्हणतात. पण हे गणित कुणाला पुरतं सुटलेलं नाही, जाणकारही त्यावर भांडतात, हेही सांगून टाकलं.

चाचांनी थोडा विचार केला. "मंग उसाशेजारी ऊस कसा येतो?"

"औषधं मारता म्हणून!"

ते पहिल्यांदाच खळखळून हसले. मग गंभीर झाले. "म्हंजी हिचं पोर आसंल तर लांब आसंल."

आम्ही शोधायला निघालो. उसाच्या सरीत माझा पाय पोटरीपर्यंत चिखलात रुतला आणि चप्पल आतच राहिली. चाचांनी हात घालून ती बाहेर काढली, तिचा पट्टा तुटलेला. पुढची सगळी वाट मी एका पायात चप्पल आणि एका पायाला चिखल अशी चालले. बांधामागून बांध झाले, काही नाही. मनातून मी घाबरले होते. एवढं मोठं व्याख्यान दिलं आणि सापडलंच नाही तर?

चाचांच्या ओळखीच्या सुभद्राकाकूंच्या पेरूच्या बागेच्या बांधावर एक जुना कडुनिंब होता. त्याखाली पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा पडलेली; फळं खाऊन बिया लांब टाकतात ती हीच. तिथेच ते होतं. गुडघ्याएवढं झुडूप, पण मनगटाएवढं खोड, वर्षानुवर्षं छाटल्याच्या खुणा असलेलं. पान टोकाशी खाचेचं, जाड, चकचकीत.

"खिरनी!" चाचा वाकून पानं चाचपू लागले.

काकू विळा घेऊन आल्या. "अगं बया, ही व्हय खिरनी? म्या तर दर साली बांध साफ करताना छाटती हिला. मेली पुन्ना फुटती."

चाचांनी कुदळ मागितली. मी त्यांचा हात धरला. "चाचा, मूळ कुठवर गेलं असेल कोण जाणे, काढताना तुटेल. आणि जगलं तरी नेऊन लावणार कुठे? तिथेच ना, आईखाली?"

ते माझ्यावर चिडले. "म्हंजी माज्या जैतूनच्या डोस्क्यावर सावली न्हाय ऱ्हानार, असंच ना? एवढ्या लांबनं ह्येच सांगाय आलाव तुमी?"

खरं सांगितलं होतं आणि ते एका म्हाताऱ्या माणसाला टोचलं होतं. वाईट वाटलं, फार वाटलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "चाचा, ऱ्हाऊ द्या हितंच. आता न्हाय छाटत मी. पोरासोरांनाबी सांगून ठिवती."

चाचा माझ्या पुढे पुढे चालत परत आले. कबरस्तानाच्या भिंतीशी त्यांनी सकाळी उपटलेल्या रोपांचा ढीग सुकत पडला होता. ते थांबले आणि पायाने तो चाळवू लागले. "ह्यात काय काय हुतं?"

मी ओळखून सांगितलं. कडुनिंब, चंदन, बोर, सगळ्यांत जास्त भोकर. ही सगळी खिरणीखाली जगली असती. चाचा खिरणीकडे गेले. कबरीच्या उशाशी, दगडाआड, वीतभर उंचीचं एक भोकर त्यांच्या नजरेतून सुटून राहिलं होतं. त्यांचा हात सवयीने त्याच्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी खिरणीच्या रोपांभोवतीचे बाभळीचे काटे एकेक करून काढले आणि त्या भोकराभोवती लावले. काटा बोटात घुसला तरी थांबले नाहीत.

"खिरनी तिला आवडायची म्हनून मी खिरनीच धरून बसलो," ते म्हणाले. "भोकर आवडायचं का, ह्ये मी तिला कदी इचारलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत माझ्या पायात चाचांच्या सुनेची चप्पल होती. फलटणपर्यंत मी माझ्या जुन्या वह्या आठवत राहिले. किती रोपांपुढे मी 'मेलं' असं लिहिलं असेल आणि पुढच्या रोपाकडे वळले असेन! रिकामी झालेली जागा कुणाच्या कामी आली, हे लिहायला त्या वह्यांत रकानाच नव्हता. कुणाचं पोर कुणाच्या सावलीत वाढतं, हे कळायला मला नोकरी संपवून एका मुजावराच्या दारात जावं लागलं. याची थोडी लाज वाटली आणि बरंचसं बरंही वाटलं.

चिपळूणला पोचल्यावर मुनीराला सगळं सांगितलं. खिरणीचं ऐकून ती मान हलवत होती. भोकराचं ऐकलं आणि तिने मशीन थांबवलं.

"अब्बांनी भोकर ठेवलं?"

"काटे लावून."

"दर पावसाळ्यात ते आधी भोकरच उपटायचे. अम्मी म्हणायची, अहो, एखादं राहू द्या, लोणच्याला येतं. किती वर्षं म्हणत होती! अब्बा 'बरं' म्हणायचे आणि उपटायचे."

तिने डोळे पुसले, सुईत दोरा ओवायला घेतला. तो दोनदा चुकला.

"हे त्यांना सांगू नका, ताई," ती म्हणाली. "नुसतं झाड वाढू द्या."