शत्रूची कच्ची बाजू

इकडे हिंदी मुलखात, बरखेड्यातले आमचे शेजारी रोज सकाळी बुद्धवंदना करतात आणि मग चहाबरोबर राजनीतीवरचं एक जुनं पुस्तक वाचतात. काही आवडलं की कुंपणावरूनच हाक मारतात, "भाऊ, ऐका! शत्रूची कच्ची बाजू हेरावी म्हणतो हा. बिलकुल सही! दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय फुंकर कुठे घालणार?" आणि स्वतःच गडगडून हसतात.

यंदा मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आम्ही दोघेच समोरासमोर होतो. सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीची टिंगल मी मतदानाआधीच्या भाषणात लिहून आणली होती. माइक हातात आला आणि माझी वाचाच बसली. तेवढ्यात ते पहिल्या रांगेतून उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, भाऊ. लोकांकडे नको, माझ्याकडे बघून बोला ना."

त्यांच्याकडे बघत त्यांचीच टिंगल करणं मला जमेना. मी कागद खिशात घातला आणि मंडळाच्या गणपतीबद्दल, मुलांच्या नाटकाबद्दल मनापासून बोललो. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांच्याच होत्या.

मग मी मतदानाच्या रांगेत उभा राहिलो आणि हसत हसत माझं मत त्यांना देऊन आलो.