तीळ भिजला

मुकुंदा साठे गेल्याचं शैलावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी मँचेस्टरच्या ट्राममध्ये उभा होतो. रडू यायला हवं होतं. ते नंतर आलं, भरपूर आलं. पण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की अरे, याला सांगायचं राहिलंच!

मुकुंदा मूळचा नागपूरचा. कंपनीने सहा महिने बॉस्टनला पाठवला, तो तिकडून बेसबॉलचं वेड घेऊन लंडनच्या पिनर भागातल्या घरी परतला. क्रिकेट आणि फुटबॉल सोडून तिसरा खेळ असतो हेच इथे कुणाला मान्य नव्हतं, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. मी पाहुणा म्हणून गेलो की दिवाणखान्यात 'बेस' म्हणून तीन उशा मांडल्या जायच्या आणि चौथ्या जागी वहिनींचा पोळपाट. तेच 'घर'. "तिन्ही उशा ओलांडून घरी पोचला की एक रन. मधे अडकला तर सगळं फुकट. संसारच आहे बे!" असं म्हणून त्याने एकदा गालिच्यावरून पोळपाटाकडे जी घसरगुंडी घेतली, तिच्यात पँट फाटली आणि पोळ्यांना उशीर झाला. त्यानंतर मी येणार म्हटलं की वहिनी पोळपाट लपवून ठेवत.

मग २००४ चा ऑक्टोबर आला. बॉस्टन न्यूयॉर्कशी ओळीने तीन सामने हरलेलं. चौथाही हरलं की गाशा गुंडाळायचा. सामने इथल्या अवेळी चालायचे, म्हणून मुकुंदा टायमर लावून चार तासांची कॅसेट भरायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेत बघायचा. त्या दिवशी मीही होतो. शेवटचा डाव, बॉस्टन एका धावेने मागे. त्यांनी नुसतं पळायला म्हणून ताज्या दमाचा एक गडी आत आणला. तो टोला बसण्याआधीच पळून दुसरा बेस चोरणार हे मैदानातल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही ठाऊक, तरी पठ्ठ्याने तो चोरलाच! पुढच्याने चेंडू टोलवला, गडी तिसऱ्या बेसला वळसा घालून घराकडे सुटला... आणि कॅसेट संपली.

मुकुंदा टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसला होता, तसाच राहिला. "कुणी सांगायचं नाही," तो म्हणाला. "कुठून तरी अख्खी मॅच मिळवीन आणि माझ्या डोळ्यांनी बघीन."

"विनूभाऊजींना आधी बजावा," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

खोटं नव्हतं. वहिनींच्याच चाळिशीच्या सरप्राइज पार्टीला किती वाजता येऊ, हे मी फोन करून त्यांनाच विचारलं होतं.

दोन दिवसांनी ऑफिसमधल्या एका अमेरिकनाने मला निकाल सांगून टाकला. पुढची चार वर्षं मी तोंड दाबून काढली. दिवाळीला, वाढदिवसांना, बर्मिंगहॅमच्या एका लग्नात तर चक्क पंगतीत, शब्द ओठांवर आला आणि मी वर जिलेबी कोंबली. मुकुंदाही बॉस्टनची टोपी दिसली की कानांत बोटं घालून रस्ता ओलांडायचा. माझ्या संयमाचा मला फार अभिमान वाटायचा.

शेवटचा भेटलो हॉस्पिटलमध्ये. खूप वाळला होता. मला राहवेना. "मुकुंदा, आता तरी सांगू का रे?"

"नको बे," तो म्हणाला. "तू धरून ठेव..." आणि असा काही हसला की नर्स धावत आली. मला वाटलं, आशा सोडत नाहीये.

दिवसकार्य झाल्यावर त्याची इथेच वाढलेली लेक, ईशा, माझ्यापाशी आली. "काका, बाबाचा तो कॅसेट मिळाला. आत तुमचा नाव लिहिला आहे."

कव्हरच्या आतल्या कागदावर मुकुंदाचं गिचमिड अक्षर होतं. 'पोचला घरी. आठवड्याच्या आतच कळलं. विनूला सांगू नये. बिचाऱ्याच्या तोंडात पहिल्यांदाच तीळ भिजून राहिला आहे.'

"तीळ म्हणजे सेसमी ना?" ईशाने विचारलं. "तुमच्या तोंडात का होता?"

मी तो कागद पुन्हा एकदा वाचला. चार वर्षं मी त्याचं गुपित सांभाळत होतो, आणि हा नालायक माझं.

कॅसेट आता माझ्या शेल्फवर आहे. ती लावायचं मशीन केव्हाच भंगारात गेलं. पुस्तकांमध्ये ही एकच कॅसेट बघून येणारा प्रत्येक जण विचारतो, हिच्यात काय आहे हो?

मी सांगत नाही.