धुईतून परत फिरलेली गाडी

आधीच सांगते, मी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. भुताच्या गोष्टी सांगून बाकीच्यांना घाबरवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. अंगात येणाऱ्या एका शेजारणीला "आधी पोटभर जेवत जा" असं सांगून तिच्याशी कायमचं वैरही घेतलेलं आहे. तेव्हा भुताखेतांच्या या सदरात माझं लिखाण बघून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. हसू देत. ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण सांगायला गेले की माझे हात गार पडतात... आत्ता लिहितानाही पडलेत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं घर देवगाव रंगारीला. वडील, म्हणजे आप्पा, शिंपीकाम करायचे. माझं लग्न वैजापूरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे लावून दिलेलं होतं. घर मोठं, व्यापार मोठा, माझ्यावर उठणारा नवऱ्याचा हातही तसाच मोठा. सासूची तऱ्हा वेगळी होती. तिचं काही बिनसलं की ती मला मागच्या कांद्याच्या चाळीत ढकलून बाहेरून कडी घालायची. मग संध्याकाळपर्यंत आत. कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. सडक्या कांद्यांचा तो वास आणि फटींतून येणारा तो पट्ट्यापट्ट्यांचा उजेड... मी आजही कांदे साठवत नाही. रोज लागतील तेवढेच आणते.

दिवाळीला माहेरी आले ती परत गेलेच नाही. पण पौष लागला तसा आप्पांचा धीर सुटला. लोक विचारायला लागले होते. मला न सांगताच ते वैजापूरला गेले आणि तिथून निरोप पाठवला — उद्या दुपारपर्यंत सासरची माणसं घेऊन येतो, पोरीला तयार ठेवा.

निरोप आला तेव्हा माय चुलीपुढं बसली होती. तिनं तो ऐकून घेतला. मग लाकूड मागं ओढत म्हणाली, "गोदे, तू औरंगाबादला जा. मावशीकडं."

मावशी विधवा होती. औरंगाबादला मुलींच्या एका शाळेत लहान पोरींना सांभाळायची आणि गुलमंडीच्या मागं एका खोलीत राहायची. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, कळवायला वेळही नव्हता.

"आन् तिनं नाय ठिवून घेतलं तर?" मी विचारलं.

"ते मला ठावं नाय," माय म्हणाली. "वैजापूरला काय व्हतंय, तेवढं ठावं हाय."

आमच्या शेजारी चाँदचाचा राहायचे. पिढीजात रंगारी. रंगवलेल्या कापडाचे गठ्ठे घेऊन ते बैलगाडीनं लासूर स्टेशनला जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणारच होते. मायनं त्यांच्या घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण ते लगेच हो म्हणाले.

सकाळी दार उघडलं तर समोरचा लिंबही दिसत नव्हता. आमच्याकडं धुक्याला धुई म्हणतात. अशी धुई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मी तशीच निघत होते, पण मायनं हाताला धरून देवापुढं बसवलं. "लेक घरातून रिकाम्या ओटीनं जात नसती." तिनं पदरात गहू घातले, हळकुंड घातलं, सुपारी घातली. आता यात एक रीत असते. ओटी भरली की तिच्यातले चिमूटभर दाणे लेकीनं माहेरच्या धान्याच्या कणगीत परत टाकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. नाही टाकले तर तिचा जीव मागंच घुटमळत राहतो म्हणतात. पण बाहेरून चाँदचाचांनी हाक मारली, मायला रडू फुटलं, मी पदराला घट्ट गाठ मारली आणि पळाले. दाणे टाकायचे राहून गेले. ते मला गाडीत बसल्यावर आठवलं, आणि मी स्वतःशीच म्हटलं, असू दे, जीव वाचवायचा की रीत पाळायची!

गाव सुटलं. गाडीतून मला बैलांची शिंगंसुद्धा धड दिसत नव्हती. चाँदचाचा पुढं वाकून वाकून बघत होते आणि पुटपुटत होते, "कुछ दिखताच नै, बेटी." आणि मग त्यांना पुढं घुंगरांचा आवाज आला. ते एकदम खूश झाले. धुईत गाडीवानाची रीतच असते, पुढं गाडी असली की तिच्या घुंगरांच्या मागं मागं चालायचं.

"ओ गाडीवाले! कौन गाव?" त्यांनी हाळी दिली.

"देवगाव!" पुढून उत्तर आलं.

"आपलीच गाडी हाय, बेटी. आता फिकीर नक्को."

मी मायची घोंगडी लपेटून बसले. मनात एकच चाललं होतं, मावशीनं दारातूनच परत पाठवलं तर? थोडं अंतर असंच गेलं. मग माझ्या लक्षात आलं की चाँदचाचा गप्प झालेत आणि मान तिरकी करून ऐकतायत. त्यांच्या डावीकडच्या बैलाच्या माळेत एक घुंगरू फुटकं होतं. छुम् छुम् छुम् आणि मध्येच ठक्. पुढच्या गाडीतूनही तसंच येत होतं... छुम् छुम् छुम्, ठक्.

"आवाज घुमतोय," मी म्हटलं. गणिताचं डोकं तेव्हाही होतं म्हणायचं. धुईत आवाज घुमत असेल, आपलाच आपल्याला ऐकू येत असेल. चाँदचाचांनी मान हलवली आणि बैल थांबवले. आमची घुंगरं थांबली.

पुढची चालूच होती.

"आपल्या गावातनं आज दुसरी गाडी निघालीच न्हाय," ते हळूच म्हणाले.

आणि त्याच वेळी पुढून बाईचा आवाज आला. रडवेला, अगदी स्पष्ट.

"मावशीनं दारातूनच परत पाठवलं तर, चाचा?"

मी तोंड उघडलं नव्हतं. आईशप्पथ सांगते, मी तोंड उघडलं नव्हतं! आवाज घुमतो, मान्य. पण मनातलं कुठं घुमतं? आणि तो आवाज माझा होता. आपला आवाज बाहेरून ऐकला की आधी अनोळखी वाटतो आणि मग एकदम ओळखू येतो, तसा मला तो ओळखू आला. चाँदचाचांनाही आला असणार, कारण त्यांनी वळून माझ्याकडं, माझ्या ओठांकडं बघितलं.

मग पुढून तोच आवाज म्हणाला, "नको चाचा. गाडी फिरवा. मी जाते वैजापूरला. फिरवा गाडी."

चाकं करकरली. घुंगरं क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली, पण आता ती आमच्याकडं यायला लागली. छुम् छुम् छुम्, ठक्. आमचे बैल जागच्या जागी थरथरत होते. चाँदचाचांनी डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं कलमा म्हणायला सुरुवात केली. मलाही डोळे मिटायचे होते. मिटलेच नाहीत.

आधी बैल दिसले, मग जू, मग गाडी. आमच्या इतक्या जवळून गेली की हात लांब केला असता तर लागला असता. गाडीवानाचं तोंड मुंडाशात गुंडाळलेलं होतं. मागं निळ्या कापडाचे गठ्ठे होते, आमच्याच गाडीत होते तसे. त्या गठ्ठ्यांना टेकून एक बाई बसली होती. अंगावर मायची घोंगडी. पदराची गाठ तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

तिनं मान वर केली. मीच होते.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त छळलंय ते तिच्या चेहऱ्यानं. तो भयानक वगैरे नव्हता. ती माझ्याकडं बघत होती आणि घाबरली होती. भूत बघावं तशी ती मला बघत होती.

गाडी धुईत शिरली. घुंगरं देवगावच्या दिशेनं लांब लांब गेली आणि बंद झाली.

चाँदचाचांनी डोळे उघडले तेव्हा ते घामानं भिजले होते, त्या थंडीत. "वापस चलते, बेटी. ये रस्ता ठीक नै. पुढं नदी हाय, पाणी दिसणार न्हाय, आता पुढं गाडी बी न्हाय. अल्ला जाने काय इशारा हाय. चल, तुझ्या मायकडं सोडतो."

पुढं बघितलं तर पांढरं, दुसरं काही नाही. वाट नाही, झाड नाही, घुंगरू नाही. पण मागं वळायचं म्हणजे त्या गाडीच्या मागं जायचं. धुई विरळ झाली की ती मला पुन्हा दिसणार... आणि ती कुठं चाललीय ते तिनं माझ्याच तोंडानं सांगितलं होतं.

"मी नाय येत मागं," मी म्हटलं.

"बेटी..."

"तुम्ही जा चाचा. मी चालत जाते."

खाली उतरले आणि बैलांच्या पुढं जाऊन उभी राहिले. अनवाणी पायांना गाडीवाटेची चाकोरी लागत होती. तेवढीच खूण. पाय सरकवायचा, कडा चाचपायची, पुढचा पाय टाकायचा. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि चालत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं मागून फुटकं घुंगरू वाजलं आणि मी किंचाळले. पण ते चाँदचाचा होते. बैल घेऊन माझ्या मागं येत होते.

शिवनेचं पाणी पायाला लागलं तेव्हा कळलं की नदी आली. गुडघाभर पाणी, बर्फासारखं. पलीकडं चढलो आणि काही वेळानं ऊन आलं. लासूर स्टेशनवर चाँदचाचांनी मला निजामाच्या रेल्वेत बायकांच्या डब्यात बसवलं. डोक्यावर हात ठेवला.

मावशीनं दारातून परत पाठवलं नाही. आधी रडली, मग ओरडली, मग भाकरी टाकली. जेवताना तिचं लक्ष माझ्या पदराकडं गेलं. "ओटी भरली दिसती मायनं. सोड, देवापुढं ठेवू." मी गाठ सोडली. मी मारली होती तशीच घट्ट होती, नखांनी सोडवावी लागली. आत एकही दाणा नव्हता. हळकुंड नाही, सुपारी नाही. पदराला हळदीचा डाग होता, एवढंच.

त्यानंतर माझे कितीतरी महिने दाराकडं बघण्यात गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आले. मावशीच्या शाळेत लहान पोरींना सांभाळता सांभाळता शिकायला लागले, परीक्षा दिल्या, पुढं नोकरीत कायम झाले. पण वैजापूरहून मला न्यायला कोणी आलं नाही. पळालेल्या सुनेला ती माणसं शोधणार नाहीत, हे शक्यच नव्हतं. आप्पासुद्धा कधी आले नाहीत. मला वाटायचं, मायनं सगळं निभावून नेलं.

आप्पा गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली. आल्या आल्या तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, मनगटं उलटसुलट करून बघितली आणि दारातच बसून रडायला लागली. मग तिनं सांगितलं.

त्या सकाळी धुई असतानाच दारात गाडी वाजली. मी आत आले. माय म्हणाली, "का गं परत आलीस?" मी उत्तर दिलं नाही. सरळ कणगीपाशी गेले, पदर सोडला आणि सगळी ओटी आत ओतली. चिमूटभर नाही, सगळी. मग कोपऱ्यात जाऊन बसले. मायला वाटलं, पोरीचा धीर सुटला. दुपारी आप्पा सासरच्यांना घेऊन आले, आणि मी मुकाट्यानं उठून त्यांच्या गाडीत बसले.

"संध्याकाळच्याला चाँदभाई आला," माय सांगत होती. "म्हनला, भाभी, पोरीला रेल्वेत बशिवलं मी. मी म्हनलं, काय बोलताव? पोरगी तर दुपारीच वैजापूरला गेली. तो मटकन खालीच बसला गं. त्यानं बैलच इकून टाकले फुडं."

"आन् तू? आप्पाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ते तुला न्यायाला आले असते," माय म्हणाली. "मी त्वांड शिवलं."

दरवर्षी संक्रांतीला माय वैजापूरला जायची. तिळगूळ घेऊन. तिला बघायला. ती जेवते का, झोपते का, असं मी विचारलं. जेवते, झोपते, सगळं करते. फक्त बोलत नाही. मग माय जरा थांबून म्हणाली, "अंगाला कांद्याचा वास येतो गं तिच्या. जात नाय."

मी मायला गप्प केलं. चक्क रागावले. तिच्या मनावर परिणाम झाला असेल, असं डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी मला समजावलं, एकुलत्या लेकीला लांब पाठवलं की आईचं मन असे खेळ करतं. मी मान हलवली. मग माझ्या पदराची गाठ? मग चाँदचाचांचे बैल? मग मी जे डोळ्यांनी बघितलं, ते कोणाचं मन खेळलं होतं?

वैजापूरच्या एका शाळेनं मला एकदा बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. प्रकृतीचं कारण सांगून मी गेले नाही. प्रकृती ठणठणीत होती.

माय गेली त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. आदल्या दिवसापासून तिची शुद्ध हरपली होती. एकदम तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं नीट बघितलं. दोघींपैकी कोण, हे ठरवत असावी.

"गोदेच ना?"

"व्हय माय, मीच."

"बोलायची न्हाय म्हनून सांगितलं ना तुला... एकदाच बोलली व्हती. अगदी पयल्या संक्रांतीला. माझा हात धरून इचारलं तिनं."

"काय विचारलं?"

"म्हनली, ती पोचली का?"

"आन् तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, व्हय बाई, पोचली," माय म्हणाली. "तवा घास घेतला तिनं."

ती कोण होती, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. कोणाकडं असेल तर मला कळवू नका.