निरोगी माणसाचं रक्त

महाडच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचो. माझी प्रयोगशाळा म्हणजे औषधांच्या कोठीतलं एक टेबल, पण कुणी तिला टेबल म्हटलं की मला राग यायचा. साठीच्या दशकात भातावर फवारायची नवी औषधं आली आणि त्यांच्यामागोमाग ती रक्तात ओळखायचं साहित्यही आलं.

त्या पावसाळ्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातून माझ्या ताईला ट्रकमध्ये घालून आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोबत तिची सासू. आदल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"फवारनीचा औषद प्यायली ती. आमच्या घराला बट्टा लावलान," सासू सगळ्या दवाखान्याला ऐकवत होती.

ताई जीव एकवटून मला म्हणाली, "मी प्यायले नाय रे. शप्पत."

माझा तिच्यावर विश्वास होता, पण माझ्या विश्वासाला कोण विचारतो?

डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि मला रक्त तपासायला सांगितलं. पद्धत सोपी. निळ्या द्रावणात रक्त घालून नळी कोमट पाण्यात ठेवायची. रक्त निरोगी असेल तर निळा रंग पिवळा होतो. हे विष भिनलं असेल तर निळा तो निळाच. ताडून बघायला शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची नळी लागते. सासूनं हात पुढे केला. "घे माझा. बघूदे सगल्यांना."

दोन्ही नळ्या निळ्याच राहिल्या.

द्रावण बिघडलं म्हणून मी वैतागलो. स्वतःचं बोट टोचून तिसरी नळी लावली. ती पिवळी झाली. मग सासूला विचारलं, औषध पाण्यात कालवलंत कसं?

"कसा म्हंजे? घमेल्यात, हातानं. शेन कालवतो तसा. ती कोपरापर्यंत हात घालून ढवलीत होती, मी पानी ओतीत होते, मंग मीपन हात घातला."

मी सांगितलं, विष कातडीतून शिरलंय. तिच्या आणि तुमच्याही. सकाळपासून सासूलाही मळमळत होतं, ते ती संतापापायी समजत होती.

तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. "मंग ती खरा बोलत होती?"

"हो."

"जा, तिला सांग. म्हनावं, सासूला पटलाय."

मी धावत गेलो. ताईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. इतकं पोरकं मला आईवडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. मी चादर बाजूला केली आणि तरीही तिच्या कानात सांगितलं.