दादाच्या संचातलं शेवटचं कार्ड

मंडळी, आज येडगावला माहेरी आले आणि पंचवीस वर्षांपूर्वीची चोरी कबूल केली.

लहानपणी च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. दादाचा संच पुरा झाला त्याच दिवशी त्यानं मला खेळायला घेतलं नाही, म्हणून रागानं मी त्याचं शेवटी मिळालेलं कार्ड लपवलं. आळ आला त्याच्या जिवलग मित्रावर, दत्तावर. दोघांचं बोलणं तुटलं. मी भीतीनं गप्प राहिले.

आता दादाची मुलगीही कार्डं जमवते. सकाळी तो तिला म्हणाला, "कुणाच्या हातात देऊ नको. माझं दत्तानं चोरलं व्हतं."

मला राहवलं नाही. जुन्या पेटीतलं कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवलं, सगळं सांगितलं. तो कार्ड खिशात घालून उठला. मग म्हणाला, "बस गाडीवर. दत्ताकडं जाऊ."

आळेफाट्याला दत्ताचं गॅरेज आहे. मी रडत माफी मागितली. दादा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं राव माझं."

"घेतलं न्हाई म्हणून किती सांगत व्हतो तुला!" दत्ता म्हणाला. आणि त्यानं तीन चहा सांगितले.

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आत्ता दोघं कुठल्याशा जुन्या मॅचवरून तावातावानं भांडतायत, मी बाकावर बसून हे लिहितेय.

तुमच्याही पोटात असं काही सांगायचं राहिलंय का?