गोष्टीतली दुष्ट आत्या

वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवशी मी जेवले नाही. कारण माझी आत्या.

राक्षसांशी तिच्याइतकी घरोब्याची ओळख अख्ख्या मावळात कुणाची नसेल. कुसगावात ती आमच्याच घरी राहायची आणि दिसेल त्या माणसाला गोष्टीतलं काम नेमून द्यायची. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणून बाकीच्या बायका दिवे लागेपर्यंत थांबत. आत्या भर दुपारी भात कांडताना सांगायची. ‘चुकू दे. माजा मामा कदी सरळ घरी आलाय?’ खंडाळ्याच्या बंगल्यातले शेटजी तिचे राक्षस, त्यांचा जीव टोपीत. एकदा ती दूध घालायला गेली असताना वाऱ्याने ती टोपी दरीत नेली. आत्या चरवी खाली ठेवून, शेटजी कधी कोसळतात ते बघत उभी राहिली. शेटजी शिंकले आणि आत गेले. ‘दुसरी टोपी आसंल घरात,’ असं तिने आम्हाला येऊन सांगितलं.

अशा बाईच्या हाताखाली वाढल्यावर सावत्र आई काय करते हे मला वेगळं कळायला नको होतं. विष घालते. नव्या आईने केलेल्या भाकरीला मी तीन दिवस शिवले नाही. आत्याने दिलेल्या पोह्यांवर राहिले. चौथ्या दिवशी नवी आई चुलीपाशी रडली.

‘वन्सं, पोर माज्या हातचं खाईना. मी आपली माहेरी जाते.’

दुपारी आत्याने मुसळ उचललं आणि गोष्ट सुरू केली. एक राजा होता, त्याची लेक होती, आणि एक लय दुष्ट आत्या होती.

‘आन् सावत्र आई?’ मी विचारलं.

‘ती लेकीला वाचवती.’

‘मंग विष कोन घालतं?’

‘आत्या. कुनीतरी घालायाच पायजे, न्हाईतर गोष्ट कशी हुनार?’

संध्याकाळी आत्याने लाडू पुढे केला. मी नव्या आईच्या पदराआड गेले. आत्याने तो लाडू स्वतः खाल्ला आणि गूळ जरा कमी पडलाय म्हणाली. तिच्या हातचं पुन्हा खायला मला आठ दिवस लागले. रोज ती काहीतरी पुढे करायची, न रागावता विचारायची, ‘आज बी विष?’ आणि स्वतःच तोंडात टाकायची.

आत्या मागच्या पावसाळ्यात गेली. उखळ परसात आहे. आई आहे. भाकरी तीच करते.