गुरुवारच्या लसी

आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला आलो तेव्हा पहिल्या वर्षीची सगळी सरकारी पत्रं त्यांनीच मला शेजारी बसवून समजावून दिली. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. म्हणून त्यांनी एकदा जिन्यात थांबवून "तू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेस ना?" असं विचारलं, तेव्हा पुढचं ऐकायच्या आधीच मी मदतीला हो म्हणाले.

आजींची मुलगी नर्स आहे. ती आणि तिचा पाद्री नवरा एकोणीस वर्षं पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात मिशनचं काम करतात. एक चर्च, एक लहान शाळा आणि दोन खोल्यांचा दवाखाना. महिन्यातून एका गुरुवारी तिथे बाळांना लसी टोचतात. लसी सोमवारी शहरातून येतात आणि गुरुवारपर्यंत दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये राहतात. तापमान दोन ते आठ अंश हवं. त्याच्या वर गेलं की लसी फेकून द्यायच्या. लाईट कधी जाईल, कधी येईल याचा तिथे काही नेम नाही. लागोपाठ दोन महिने लसी फुकट गेल्या होत्या, आणि पाठीवर बाळ बांधून दोन-दोन तास चालत आलेल्या बायांना दारातूनच परत पाठवावं लागलं होतं.

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी वायरमन होते. माझी दहावी-बारावी लोडशेडिंगमध्येच झाली, आणि पुढे घरातली पहिली पदवीही मलाच मिळाली. लाईट नसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको, असं मला वाटत होतं. थोडी ऐटच होती म्हणा. चार शनिवार बसून मी सगळं जुळवलं. लाईट असेल तेव्हा बॅटरी चार्ज होईल, नसेल तेव्हा फ्रीज तिच्यावर चालेल. आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टर असतो, तसंच. बॅटरी त्यांनी तिकडेच घेतली, इन्व्हर्टर आणि चार्जर आजींच्या चर्चमधलं एक जोडपं इथून घेऊन गेलं, आणि मिशनच्या माणसाने माझ्या आकृतीप्रमाणे सगळं जोडलं.

पहिल्या गुरुवारी आजींच्या मुलीचा मेसेज आला. फ्रीज बुधवारी दुपारीच बंद पडला होता. बॅटरी रिकामी.

मग सुरू झालं ते प्रश्नोत्तरांचं. मी सकाळी ऑफिसला जाताना प्रश्न पाठवायचे, उत्तर दोन दिवसांनी यायचं. तिचाही इलाज नव्हता. लाईट आली की मिशनमध्ये सगळ्यांची एकदम धावपळ. पाद्रीबुवा रविवारच्या प्रार्थनेचे कागद छापून घ्यायचे, ती उपकरणं निर्जंतुक करायला लावायची, आणि फोन चार्ज करायला अर्धं गाव व्हरांड्यात उभं. तेवढ्यात लाईट जायची. मग हेडलॅम्प डोक्याला लावून टाके घालायचे, कोळशाच्या इस्त्रीने पाद्रीबुवांचा झगा इस्त्री करायचा. असं ती एकदा सांगत होती, आणि मी मनात म्हणत होते, बाई, हे सगळं मला माहीत आहे, तू मला फक्त व्होल्टेज सांग.

एका शनिवारी फोन लागला.

"मीटर चार्जरला लावलाय?" मी विचारलं.

"लावलाय. आल्झो, म्हणजे, आकडा आहे..."

आणि आवाज गेला. नवरा स्वयंपाकघरात चटणी वाटत होता.

"अहो, जरा मिक्सर थांबवा, काही ऐकू येत नाहीये."

"मिक्सर कधीचा थांबलाय. तिकडचा टॉवर झोपलाय." मग दारात येऊन म्हणाला, "तू तुझ्या बाबांसारखी दिसतेयस. फक्त खांबावर चढायचं राहिलंय."

मला हसू आलं नाही. चार्जर खराब असेल म्हणून मी दुसरा पाठवला. बॅटरीवर संशय घेतला. मिशनच्या माणसाने तारा उलट्या जोडल्या असतील असं नुसतं मनात आणलं नाही, मेसेजमध्येही लिहिलं. त्याने शांतपणे आठ फोटो पाठवले. एकूण एक तार बरोबर होती. पुढच्या महिन्याच्या गुरुवारीही लसी फेकून दिल्या. त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं कशात लक्ष लागेना. मी एवढं शिकले, जर्मनीत गाड्यांच्या बॅटऱ्या तपासते, आणि एक फ्रीज तीन दिवस चालवू शकत नाही.

त्या रविवारी आजींनी कॉफीला बोलावलं. त्यांनाही मुलीची काळजी होती, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. रेडिओ चालू होता. केक आणायला उठताना आजींनी टेबलाखालच्या प्लगांच्या पट्टीवरचं लाल बटण पायाच्या अंगठ्याने दाबलं. रेडिओ, दिवा, फोनचा चार्जर, सगळं बंद. दोन मिनिटांसाठी. त्यांच्या घरात हे मी शंभरदा पाहिलं असेल.

"हे तुम्ही नेहमी करता?" मी विचारलं.

"नाट्यूर्लिश, अर्थातच. खोलीतून जाताना बंद करायचं."

"तुमची मुलगीही करते?"

"मीच शिकवलंय तिला," आजी अभिमानाने म्हणाल्या. "आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे. ती तर प्लगच काढते."

मी केक तसाच ठेवून वर आले आणि फोन लावत बसले. पाचव्यांदा लागला.

"लाईट गेल्यावर तुम्ही चार्जरचा प्लग काढता का?"

"काढते ना. लगेच. आणि संध्याकाळी दवाखाना बंद करताना तर रोजच."

"आणि तिकडे लाईट येते कधी?"

"बहुतेक रात्रीच. दिवसा तासभर आली तर आली."

आमच्या गावात लाईट गेली की बटणं चालूच ठेवायची. दिवा लागला की कळायचं, आली. मोटारीला तर ऑटो लावलेला, लाईट आली की पंप आपोआप सुरू. प्लग कुणी काढून ठेवेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि प्लग कुणी लावून ठेवेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"काढू नका," मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले. "तुम्ही काढता म्हणून बॅटरी भरत नाही. महिनाभर मी दुसरीकडेच शोधतेय."

ती म्हणाली, "आमचा आधीचा फ्रीज वीज पडून जळाला. तारेवर पडली होती, चर्चपासून कितीतरी लांब. वायरलेस सेटही गेला. इथे पावसाळ्यात रोज गडगडतं. तुमच्या आकृतीत त्याच्यासाठी काय आहे?"

काही नव्हतं. वायरमनच्या मुलीने ते विसरावं यासारखी दुसरी नामुष्की नाही. मी दुसऱ्याच दिवशी विजेचा असा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर मागवला आणि पाठवला. तो तिकडच्या कस्टममध्ये अडकला. कोणता कागद कमी आहे ते मला तीन पत्रं लिहूनही कळलं नाही. तिसऱ्या महिन्याचा सोमवार आला, लसी आल्या, आणि प्रोटेक्टर अजून बंदरावरच. मी तिला लिहिलं की प्लग लावून ठेवा हे मी आता सांगू शकत नाही, निर्णय तुमचा.

उत्तर आलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. मी दिवसातून दहा वेळा फोन बघायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

गुरुवारी दुपारी तिचा आवाजातला निरोप आला, मागे बाळांच्या रडण्याचा नुसता गोंधळ. फ्रीज पाच अंशांवर होता. सगळ्या बाळांना लस मिळाली, कुणाला परत पाठवलं नाही. बॅटरी सोमवारच्या रात्रीच भरली होती. मग ती सहज बोलल्यासारखी म्हणाली की तिन्ही रात्री ती दवाखान्यातच, फ्रीजशेजारी खाट टाकून झोपली. प्लग लावलेला. गडगडलं की उठून काढायचा, थांबलं की परत लावायचा. मंगळवारी रात्री चार वेळा उठावं लागलं.

मी आजींना निरोप ऐकवला. त्यांनी डोळे पुसले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बघ, तुझं यंत्र चाललं."

यंत्र चाललं नव्हतं. साठीला आलेली एक बाई प्लगाला हात लावून झोपली होती, म्हणून फ्रीज चालला होता. वर येऊन मी कस्टमला चौथं पत्र लिहायला घेतलं.